लाल खरवडताना : सहा कॅनव्हासच्या नोंदी

५ मे २०२४

यावेळी सगळं लिहून ठेवायचं. मागच्या खेपेला कुठल्या थरावर काय लावलं ते नंतर आठवेना आणि एक मस्त जमलेला करडा परत कधी जमलाच नाही, आजपर्यंत नाही.

जागा : कुडाळचं घर, मागचा गोठा. गुरं गेल्याला सहा वर्षं झाली, गव्हाण मी फोडू दिली नाही, तिच्यावर फळी टाकून टेबल केलंय. काम : सहा कॅनव्हास, प्रत्येकी ३६ बाय ४८ इंच, सगळे उभे. पट्ट्या सुताराकडून सागाच्या करून घेतल्या, कापड सुती, तीन हात गेसो (रंगाखालचा पांढरा लेप), मध्ये मध्ये पॉलिश पेपर. डिसेंबरात मुंबईत आम्हा पाच जणांचा ग्रुप शो आहे, त्यासाठी. मी शिकवते ती शाळा १५ जूनपर्यंत बंद, तेवढ्यात निम्मं तरी उरकावं असा बेत आहे.

विषय म्हणाल तर समोरची भिंत. गोठ्याची मागची बाजू कधी गिलावा न केलेली, नुसता चिरा, म्हणजे जांभा दगड. लहानपणापासून बघतेय पण चित्र म्हणून कधी बघितली नव्हती. शोच्या फॉर्ममध्ये एक रकाना आहे, ‘प्रेरणेचा स्रोत, १५० शब्दांत’, तिथे लगेच लिहून टाकलं : चिऱ्याच्या भिंतीचे रंग. १५० पैकी तीनच शब्द झाले, बाकीचे नंतर भरू.

गच्चीवर एक उद्योग करून आले. सगळ्या लाल ट्यूबांचे पट्टे एका कार्डबोर्डवर ओढले, अर्ध्या भागावर काळा कागद चिकटवला आणि उन्हात ठेवलं. यामागे अमेरिकन चित्रकार मार्क रॉथकोची गोष्ट आहे. त्याने साठच्या दशकात हार्वर्डसाठी मोठी भित्तिचित्रं केली, किरमिजीसाठी लिथॉल रेड नावाचा रंग वापरला, आणि डायनिंग रूमच्या खिडक्यांतून येणाऱ्या उन्हाने तो इतका उडाला की १९७९ मध्ये चित्रं उतरवून गोदामात ठेवावी लागली. कोकणातल्या मे महिन्याच्या उन्हापुढे माझ्या दीडशे रुपयांच्या ट्यूबा किती टिकतात बघू.

१२ मे

आठवडाभर भिंतीसमोर स्टूल टाकून बसले. चिरा म्हणजे लाल हे आपण नुसतं म्हणतो. हातभर अंतरावरून बघितलं तर एका चिऱ्यात करपलेल्या भाकरीचा तपकिरी आहे, हळदीचा पिवळा आहे, भोकांमध्ये पांढऱ्या चिकणमातीचे ठिपके आहेत, कडेला जांभळ्याकडे झुकणारा एक लाल आहे, आणि जिथे गुरं अंग घासायची तिथे चक्क तेलकट काळा. खाणीतून काढतात तेव्हा चिरा मऊ असतो, कुऱ्हाडीने तासला जातो, मग हवा लागली की कडक होत जातो. लाल आणि पिवळा दोन्ही लोखंडाचेच, पिवळ्यात पाणी धरलेलं असतं एवढाच फरक. म्हणून पिवळी माती भाजली की लाल होते. ट्यूबमधला रॉ सिएना आणि बर्न्ट सिएना यांचं नातंही हेच, एक कच्चा, एक भाजलेला. मी भिंतीसमोर बसून जे ट्यूबमधून काढतेय ते मुळात भिंतीतच आहे हे लक्षात आल्यावर जरा हसूच आलं.

एकतीस शेड्स मिसळून कागदावर पट्ट्या केल्या. अकरा नुसते लाल.

१९ मे

कॅनव्हास १ वर त्या एकतीस शेड्स लावून बघितल्या. रंगाच्या दुकानातलं शेड कार्ड झालं. खोटं बोलत नाही, अगदी तसंच, खाली नंबर तेवढे टाकायचे राहिले.

प्रत्येक रंग भिंतीशी पडताळून घेतलेला, एकही चुकीचा नाही, आणि तरी भिंतीतलं काहीही त्यात नाही. चित्रकार जोसेफ आल्बर्स आयुष्यभर हेच ओरडून सांगत राहिला की रंग एकटा कधी दिसतच नाही, शेजारी कोण बसलंय त्यावर तो बदलतो. १९५० पासून शेवटपर्यंत चौकोनात चौकोन एवढंच काढलं त्याने, रंग थेट ट्यूबमधून नाइफने लावायचा आणि कुठल्या कंपनीचा कुठला रंग ते सगळं पाठीमागे लिहून ठेवायचा. त्याची ती पाठीमागच्या यादीची सवय मी आजपासून उचलली. चौकोन नाही उचलले.

आई डोकावून गेली. ‘फरशी निवडतेयस काय गो?’

२ जून

उन्हातला पुठ्ठा काढला, चार आठवडे झाले. इंडियन रेड, लाइट रेड, बर्न्ट सिएना, म्हणजे सगळे मातीवाले लाल : कागदाखालचा आणि उन्हातला भाग ओळखू येत नाही इतके सारखे. क्रिमसन : उन्हातला भाग पातळ सरबत. ट्यूब कचऱ्यात टाकली. तशी तिची गरजही नव्हती, दुकानात गेलं की हात आपोआप तिच्याकडे जातो एवढंच.

रंगारी आला होता शेजारच्या घराचं माप घ्यायला, मला रोलरशी झटापट करताना बघून थांबला. मी रोलर रंगात बुडवून तसाच कॅनव्हासवर चालवत होते. म्हणाला, ‘आदी पिळून घे गो बाय, मगे मार.’ ट्रेच्या उतारावर चार-पाच वेळा फिरवून जवळजवळ कोरडा करायचा आणि मग हलक्या हाताने, एका दिशेने. माझ्या डिप्लोमाच्या पाच वर्षांत रोलरला कुणी हात लावू दिला नव्हता, ते भिंतवाल्यांचं हत्यार. याने पाच मिनिटांत सगळं सांगून वर विचारलं की मजुरी किती मिळते ह्याची.

९ जून

पाऊस लागला. गोठ्यात दुपारी दोनला दिवा लावावा लागतोय.

रोलर हातात आल्यापासून गायतोंडे डोक्यातून जात नाहीत. वासुदेव गायतोंडे, घराणं गोव्याचं, जन्म नागपूरचा १९२४ चा, वाढले गिरगावात, मुंबईच्या जेजे कलाशाळेतून १९४८ ला बाहेर पडले, शेवटची वर्षं दिल्लीत, २००१ ला गेले. रोलर आणि पॅलेट नाइफ ही त्यांची मुख्य हत्यारं. एक पातळ थर, तो सुकला की दुसरा, मग ओल्या रंगावर फाडलेले कागद दाबायचे आणि उचलायचे, कागदाबरोबर रंग निघून येतो, खालचा थर तेवढ्यापुरता उघडा पडतो. वर्षाकाठी अगदी मोजकी चित्रं व्हायची. मुंबईत त्यांचं एक चित्र समोरून बघितलंय, बराच वेळ उभी होते. लांबून बघितलं तर एकच रंग आणि त्यात काहीतरी तरंगतंय, जवळ गेलं की तो एक रंग राहतच नाही, खालून वेगळेच रंग वर येत असतात, तळ्यातल्या पाण्यात बघितल्यासारखं. त्यांना स्वतःला ‘अमूर्त’ हा शब्द पटायचा नाही, आपली चित्रं वस्तुनिरपेक्ष आहेत असं ते म्हणायचे. म्हणजे कशाचं तरी सार काढून अमूर्त केलं असं नाही, मुळात वस्तूच नाही.

आणि प्रेरणा? झेन वाचायचे, रमण महर्षी, कृष्णमूर्ती. १९६० च्या आसपास ब्रीच कँडीला भुलाभाई इन्स्टिट्यूटमध्ये त्यांचा स्टुडिओ होता, समोर समुद्र. त्या काळातल्या चित्रांत लोकांना क्षितिज दिसतं, मलाही दिसतं. पण समुद्र दिसला म्हणून निळा लावला इतकं सरळ ते नाहीच, काही चित्रं तर पिवळी आहेत. मला माझ्या फॉर्ममधले तीन शब्द आठवले आणि जरा लाज वाटली.

२३ जून

कागद उचलायचा प्रयोग, कॅनव्हास २ वर. खाली यलो ऑकर आणि पांढऱ्याचा सुकलेला थर, वर ओला इंडियन रेड, त्यावर पेपरचे फाडलेले तुकडे. हाताने दाबले, दहा मिनिटांनी उचलले. रंग छान निघाला, कडा फाटक्या, मध्ये दाणेदार, कुठे नुसती शिराळ रेघ. मी खूश होऊन दिवा जवळ आणला तर पिवळ्या भागावर उलटी अक्षरं. छपाईची शाई तेलात सुटून कॅनव्हासवर उतरली होती, आरशातल्यासारखी. ‘मुसळधार’ अगदी स्वच्छ वाचता येत होतं, आणि त्याच्या खाली कुठल्या तरी पतसंस्थेची जाहिरात.

एक मिनिट वाटलं राहू दे, मॉडर्न दिसतंय. मग पुसलं. त्यासाठी भिंतीसमोर महिना घालवला नव्हता.

आता किराणा दुकानातला कोरा कागद वापरतेय, पुड्या बांधायचा. तो तेल जास्त पितो त्यामुळे राहिलेला रंग मॅट होतो, ते मला जास्त आवडलं. गुळगुळीत मासिकाचा कागद वापरला तर तो रंग ओढत नाही, नुसता सरकवतो, त्याच्या चिकट शिरा उठतात. दोन कागदांची दोन वेगळी अक्षरं म्हणायला हरकत नाही.

७ जुलै

काहीही सुकत नाहीये. ऑइल कलर पाणी उडून सुकत नाही, तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, त्याला उजेड आणि कोरडी हवा हवी, आणि आमच्याकडे सध्या दोन्हीची वानवा, मिठाच्या बरणीत पाणी झालंय. अंबर त्यातल्या त्यात भरभर, त्यात मँगनीज असतं ते सुकायला मदत करतं. टायटॅनियम पांढरा हट्टी, आयव्हरी ब्लॅक त्याहून हट्टी. शाळाही सुरू झाली, संध्याकाळी साडेपाचनंतर जेवढं होईल तेवढं.

२१ जुलै

कॅनव्हास २ वाया. वरच्या थरात लिनसीड तेल जास्त झालं होतं, लवकर चकाकी यावी म्हणून मीच ओतलं, मग वरची साय आधी धरली, आतलं ओलंच राहिलं आणि परवा बघते तर सगळीकडे सुरकुत्या, दुधावरची साय चमच्याने ढकलल्यावर होते तशी. खालचा थर कमी तेलाचा आणि वरचा जास्त तेलाचा हा नियम मुलांना मीच शिकवते, पण जास्त म्हणजे किती ते शिकवत नाही असं दिसतंय.

सगळा रंग नाइफने काढला. काढताना खाली जे उरलं ते बघून हात थांबला, पण तेव्हा इतकी वैतागले होते की फोटोसुद्धा काढला नाही. कापड पुसून भिंतीला टेकवून ठेवलं.

४ ऑगस्ट

१ आणि ३ नंबर भिंतीकडे तोंड करून ठेवले होते, धूळ आणि पाली यांच्यापासून वाचवायला. आज वळवले तर पांढऱ्यावर पिवळट झाक, आणि मागच्या बाजूला कापडावर बुरशीचे करडे ठिपके. बुरशी कोरड्या ब्रशने झाडली, मागे दोन तास पंखा लावला. पिवळेपणाचं टेन्शन नाही, लिनसीड अंधारात पिवळं पडतं आणि उजेडात ठेवलं की बरंचसं परत येतं. ओसरीवर खिडकीशी आणून ठेवलेत. आता दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळे विचारतात काय आहे म्हणून. एकाने सांगितलं की ओल आलीय भिंतीला, डॉक्टर फिक्सिट लावा. कौतुक म्हणून घेतलं.

१८ ऑगस्ट

आजची नोंद मोठी होणार.

चतुर्थी तीन आठवड्यांवर, शेजारच्या जुन्या घराची रंगरंगोटी चालू झाली. पाऊस उघडलाय तेवढ्यात रंगारी पडवीची भिंत पत्र्याने खरवडत होता, मी चहा घेऊन गेले आणि तासभर तिथेच. त्या भिंतीवर साठ-सत्तर वर्षांचे थर आहेत. सगळ्यात वर मागच्या लग्नाचा पिस्ता डिस्टेंपर. तो पापुद्र्यासारखा सुटतो. खाली गुलाबी, मग नीळ घातलेला चुना, फिकट आकाशी, मग रामरज घातलेला पिवळा चुना, आणि अगदी तळाशी गेरूचा पट्टा, जमिनीपासून गुडघ्यापर्यंत. पत्रा एकसारखा चालत नाही, जिथे ओल होती तिथे चार थर एकदम निघतात, जिथे चुना घट्ट बसलाय तिथे नुसता ओरखडा. एका जागी तळहाताएवढ्या तुकड्यात पिस्ता, गुलाबी, आकाशी, पिवळा आणि गेरू सगळे एकमेकांच्या आतून दिसत होते, नकाशातल्या उंचीच्या रेषा असतात तसे एकात एक. त्यातला गुलाबी मी स्वतः बाजारातून कधीही आणला नसता. पण निळीच्या चुन्याशेजारी तो असा काही बसला होता की काय सांगू.

रंगाऱ्याला म्हटलं, एवढा भाग राहू दे ना. तो माझ्याकडे बघतच राहिला. यजमानीण आतून म्हणाली, ‘बाई, गणपती येणार आहेत घरात.’ बरोबर आहे तिचं. फोटो काढला आणि दहा मिनिटांत तो तुकडा गेला.

घरी येऊन कळलं मे महिन्यापासून काय चुकतंय ते. मी चिऱ्याचे रंग वरून लावत होते. भिंतीचे रंग आतून येतात, झिजून, घासून, पावसाने धुऊन. गुरांनी अंग घासलेला तो काळा कुणी लावलेला नाहीये. आणि जुलैत कॅनव्हास २ वर नाइफने रंग काढताना माझा हात थांबला होता तो यामुळेच, तेव्हा मी रागात होते म्हणून समजलं नाही.

फॉर्मच्या रकान्यात ‘चिऱ्याच्या भिंतीचे रंग’ खोडून ‘चुना खरवडणारा पत्रा’ लिहिलं. तेही तीनच शब्द.

२५ ऑगस्ट

कॅनव्हास ४, नवीन पद्धत. खालून वर : रॉ अंबर, मग पांढरा अधिक चिमूटभर अल्ट्रामरीन (नीळ!), मग ऑकर, मग इंडियन रेड. प्रत्येक थर पातळ, पिळलेल्या रोलरने. अंबरवाला थर लवकर धरतो, पांढऱ्याला जास्त वेळ लागतो. शेवटचा लाल लावून अठरा तास थांबले आणि पुट्टीचा पत्रा चालवला. सहा तासांनी केलं तर चिखल होतो, दोन दिवसांनी केलं तर खालच्या थरासकट निघतं. अठरा ते चोवीस तास, निदान या हवेत.

येताजाता गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती करतात तिथे, बसते थोडा वेळ. तिथला क्रम ठरलेला, आधी पांढरा हात, मग अंगाचा रंग, मग पीतांबर, दागिने, आणि डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी. तिथे कुणी काही काढत नाही, सगळं वाढतच जातं. बरं वाटतं बघायला, घरी येऊन मी खरवडते.

७ सप्टेंबर

चतुर्थी. सुट्टी. माटोळीतला (गणपतीच्या वर फळापानांची बांधतात ती) कवंडाळाच्या फळाचा लाल : कॅडमियमसुद्धा याच्यापुढे मळकट. नोंद एवढीच.

२२ सप्टेंबर

गोव्यात पेडण्याच्या बाजूला गेलो होतो, आतेबहिणीकडे, तिने एका जुन्या देवळात नेलं, काव बघायला. काव कला ऐकून माहीत होती, जवळून आज बघितली. भिंतीवर चुन्याचा गिलावा, त्यावर लाल मातीचा थर, ओला असतानाच अणकुचीदार हत्याराने लाल खरवडायचा म्हणजे खालचा पांढरा उघडा पडतो आणि तेच चित्र. वेली, फुलं, मोर, द्वारपाल. दोनच रंग, आणि त्यातला एक लावायचा, दुसरा उघडा करायचा. नाक भिंतीला लावून बघितलं तर प्रत्येक रेघेला दोन कडा, आणि पांढरा लालपेक्षा केसभर खोल. दुपारच्या तिरक्या उन्हात त्या खोलीत सावली बसते, म्हणून तो पांढरा सपाट वाटत नाही. ही केसभर खोली मला कॅनव्हासवर हवीय.

बहीण म्हणाली, बघ, गायतोंडे पण गोव्याचेच, त्यांनी हेच बघितलं असणार. असं जोडून टाकायला मला आवडत नाही. माणूस गावचा म्हणून चित्र गावचं, मग न्यूयॉर्कचं काय करायचं, १९६४ मध्ये रॉकफेलर फेलोशिपवर तिथेही राहून आलेत की. पण परतीच्या गाडीत मीही तेच पुन्हा पुन्हा मनात घोळवत होते, हे मान्य.

६ ऑक्टोबर

१, ३, ४, ५ झाले. एक नंबरच्या शेड कार्डावर सरळ लाल फिरवून खरवडला, आता ते एकतीस रंग कुठे कुठे डोकावतात, मेमध्ये केलेली मेहनत अशी वसूल झाली. वाया गेलेला दोन नंबरही परत उभा केला. पुसलेल्या कापडावर तेलाचे जे डाग राहिले होते ते तसेच ठेवून फक्त दोन पातळ थर दिले, तो सगळ्यात शांत आहे.

सहावा सुरू, त्यात वरचा थर काळा घ्यायचा हट्ट. गुरांचा काळा.

१३ ऑक्टोबर

मुंबईहून मैत्रिणीचा फोन, कॅटलॉग छापायला जातोय, तुझी प्रेरणा अजून आली नाही. रकाना तिसऱ्यांदा कोरा केला होता. भिंत लिहावी तर ती मी काढलेलीच नाही, पत्रा लिहावा तर काव राहते, काव लिहिली तर लोक चित्रात मोर शोधत बसतील. शेवटी प्रत्येक कॅनव्हासच्या पाठीवरची यादी उतरवून पाठवली, खालून वर : रॉ अंबर, टायटॅनियम पांढरा, अल्ट्रामरीन, ऑकर, इंडियन रेड, पुडीचा कागद, पत्रा, अठरा तास.

तिचा मेसेज : ‘हे काय, वाण्याची यादी?’ तासाभराने दुसरा : ‘छापतेय.’

२७ ऑक्टोबर

पॅकिंग. कोपऱ्यांना थर्माकोल, वरून बटर पेपर, मग बबल रॅप, बबल कधीही थेट रंगावर नाही, ठसे उठतात. मागे सही देवनागरीत, वरची बाजू कळावी म्हणून बाण. आईने चार नंबरचा बाण खाली असायला हवा म्हणून वाद घातला, उलटा करून बघितला, तिचं बरोबर होतं. बाण बदलला.

सहावा अजून बोटाला लागतोय. आयव्हरी ब्लॅक, तीन आठवडे झाले. तो जात नाही, पाचच पाठवतेय म्हणून कळवलं. ओसरीवर ठेवलाय, पाल फिरून गेलीय त्याच्यावरून, डावीकडे खाली बारीक पावलं उमटलीत.